ज्या शहराचा पहिला महापौर झाला, तीन वर्षांनी त्याच शहरावर बंदुका घेऊन चालून गेला

कॅनडातलं टोरांटो आता आपल्याला काही परकं राहिलेलं नाही. कुणाचा भाऊ तिथं शिकायला गेलाय, कुणाची मैत्रीण पीआरची वाट बघतेय. याच टोरांटोच्या अगदी मध्यवस्तीत बॉन्ड स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या ८२ नंबरच्या घरासमोर उंच उंच इमारती उभ्या आहेत, पण हे जुनं विटांचं घर मात्र शहरानं जपून ठेवलंय. आत एक जुन्या पद्धतीचा छापखाना आहे.

हे घर विल्यम ल्योन मॅकेन्झी यांचं. टोरांटोचे पहिले महापौर.

आता पहिल्या महापौरांचं घर जपलं यात विशेष काय, असं वाटेल. तर विशेष हे की महापौरपद सोडल्यावर तीन वर्षांच्या आत हा माणूस बंडखोर शेतकऱ्यांचा जथा घेऊन टोरांटोवरच चाल करून गेला होता. सरकारनं त्यांच्यावर १००० पौंडांचं इनाम लावलं. ते परदेशात पळाले, तिथं तुरुंगात गेले, बारा वर्षांनी परत आले आणि पुन्हा निवडून आले.

एकाच माणसाच्या आयुष्यात एवढं सगळं कसं काय घडलं? त्यासाठी आधी स्कॉटलंडला जावं लागेल.

विणकराचा मुलगा, पुस्तकांचं वेड

१२ मार्च १७९५ ला स्कॉटलंडच्या डंडी शहरात मॅकेन्झी यांचा जन्म झाला. वडील डॅनियल विणकर होते. मुलगा जेमतेम काही आठवड्यांचा असतानाच ते वारले. आई एलिझाबेथ करारी आणि धार्मिक. घरात गरिबी, पण मुलाला शिकवायचंच हा तिचा हट्ट.

मुलालाही वाचनाचं वेड लागलं. १८०६ ते १८२० या काळात वाचलेल्या पुस्तकांची त्यानं यादीच करून ठेवली होती. त्यात साडेनऊशेहून जास्त पुस्तकं होती. पुढं हा माणूस कुठल्याही विषयावर आकडे आणि पुरावे घेऊन भांडायचा, त्याचं मूळ या वाचनात आहे.

धंद्यात मात्र त्यांचं कधीच जमलं नाही. आईच्या सोबतीनं अ‍ॅलिथ या गावात दुकान टाकलं, ते बुडालं. त्याच काळात लग्नाआधीच एक मुलगा झाला. त्या मुलाला आजीनं सांभाळलं. खिशात पैसे नाहीत आणि गावात पुढं काही दिसत नाही, अशा वेळी तेव्हाचे स्कॉटिश तरुण जे करायचे तेच मॅकेन्झींनी केलं. १८२० मध्ये लेस्ली नावाच्या ओळखीच्या कुटुंबासोबत ते कॅनडाला निघाले.

दोन वर्षांनी आई नातवाला घेऊन आली. सोबत तिनं पसंत केलेली सूनही होती, इझाबेल बॅक्स्टर. १८२२ मध्ये माँट्रियलमध्ये लग्न लागलं. या जोडप्याला पुढं तेरा मुलं झाली.

एका मूठभर टोळीचं राज्य

तेव्हाचा कॅनडा हा आजच्यासारखा एक देश नव्हता. ब्रिटिशांच्या वेगवेगळ्या वसाहती होत्या. आजचा ओंटारियो प्रांत तेव्हा अप्पर कॅनडा म्हणून ओळखला जायचा, आणि त्याची राजधानी होती यॉर्क. हेच पुढचं टोरांटो. मुळात ही जमीन मिसिसागा या मूळ रहिवाशांची. ब्रिटिशांनी ती करार करून आपल्या ताब्यात घेतली आणि तिथं युरोपातून आलेल्या लोकांना वसवलं.

या वसाहतीत निवडून आलेली विधानसभा होती, पण तिच्या हातात फारसं काही नव्हतं. लंडनहून आलेला गव्हर्नर आणि त्यानं नेमलेली मंडळं हेच खरे मालक. त्यांच्याभोवती काही बड्या घराण्यांचं कडं होतं. न्यायाधीश, बँकेचे संचालक, चर्चचे वरिष्ठ, सरकारी वकील हे सगळे एकमेकांचे सोयरे नाहीतर जुने दोस्त. लोकांनी या टोळक्याला फॅमिली कॉम्पॅक्ट असं नाव दिलं होतं.

याचा त्रास सामान्य शेतकऱ्याला कसा व्हायचा, तर वसाहतीतल्या जमिनीचा सातवा हिस्सा चर्चसाठी राखून ठेवलेला होता. ही जमीन बरेचदा पडीक राहायची. शेतकरी स्वतःच्या तुकड्यासमोरचा रस्ता साफ करायचा, पण शेजारची राखीव जमीन तशीच जंगल. मग रस्ता मध्येच तुटायचा.

गावपातळीवरही तोच प्रकार. रस्ते, पूल, स्थानिक कर हे सगळं गव्हर्नरनं नेमलेले दंडाधिकारी बघायचे. लोकांनी निवडलेली नगरपालिका हा प्रकारच नव्हता. म्हणजे कर तुम्ही भरायचा, पण तो कुठं खर्च झाला हे विचारायची सोय नाही.

खिळे पाण्यात फेकले आणि पेपर वाचला

१८ मे १८२४ ला मॅकेन्झींनी क्वीन्सटन या गावातून कलोनियल अ‍ॅडव्होकेट हा पेपर सुरू केला. त्याच वर्षी ते यॉर्कला आले आणि फॅमिली कॉम्पॅक्टच्या मागं हात धुवून लागले. कुणाला कुठली जमीन मिळाली, कुणाचा जावई कुठल्या पदावर आहे, हे सगळं नावानिशी छापायला लागले. भाषा तिखट. कधी कधी घराण्यांच्या खाजगी गोष्टीही बाहेर काढायचे.

पण पेपर तोट्यात होता. १८२६ मध्ये देणेकरी मागं लागले म्हणून मॅकेन्झी सीमा ओलांडून अमेरिकेत जाऊन बसले होते. आणि नेमकं तेव्हाच विरोधकांनी त्यांच्यावर उपकार केले.

झालं असं की, ८ जून १८२६ ला बड्या घरांतली तरुण पोरं त्यांच्या छापखान्यात घुसली. मशीन मोडलं आणि छपाईचे खिळे नेऊन टोरांटोच्या खाडीत फेकले. हे सगळं दिवसाढवळ्या. दंडाधिकारी बघत उभे राहिले, कुणी अडवलं नाही.

मॅकेन्झी परत आले, कोर्टात गेले आणि ६२५ पौंडांची भरपाई मिळवली. मोडक्या छापखान्याच्या मानानं ही रक्कम मोठी होती. कर्ज फिटलं, नवा छापखाना आला. बंद पडायला आलेला पेपर विरोधकांच्या पैशानं पुन्हा उभा राहिला, आणि त्याचा मालक लोकांचा हिरो झाला.

घालवलं की लोक परत पाठवायचे

१८२८ मध्ये मॅकेन्झी यॉर्क परगण्यातून विधानसभेवर निवडून आले. तिथंही तेच, कागदपत्रं मागायची आणि चौकशा लावायच्या. त्यांच्या पेपरनं सभागृहाला सरकारची हांजी हांजी करणारं ठरवल्यावर बहुमतवाल्यांनी डिसेंबर १८३१ मध्ये त्यांना सदस्यत्वावरून काढून टाकलं.

पोटनिवडणूक लागली २ जानेवारी १८३२ ला. मॅकेन्झींना ११९ मतं पडली आणि विरोधकाला एक. लोकांनी त्यांना सोन्याचं पदक दिलं आणि बर्फावरच्या घसरगाड्यांची मिरवणूक काढली. इकडे मुंबईत त्यानंतर चारच दिवसांनी बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण सुरू झालं, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल.

सभागृहानं त्यांना पुन्हा काढलं. लोकांनी पुन्हा निवडून दिलं. हा खेळ पुढची दोन वर्षं चालू राहिला. मधल्या काळात हॅमिल्टनमध्ये गुंडांनी त्यांना बेदम मारलं. मग मॅकेन्झी लोकांच्या सह्यांचे अर्ज घेऊन थेट लंडनला गेले आणि वसाहतींच्या मंत्र्याला भेटले. त्याचा एवढा परिणाम झाला की १८३३ मध्ये वसाहतीच्या दोन बड्या सरकारी वकिलांना पदावरून हटवलं गेलं. त्यातला एक मात्र लवकरच परत आला. लंडनला अर्ज करून व्यवस्था बदलेल हा मॅकेन्झींचा विश्वास तिथूनच ढासळत गेला.

आणि मग स्वतःच महापौर झाले

६ मार्च १८३४ ला यॉर्कला शहराचा दर्जा मिळाला आणि नाव बदलून टोरांटो झालं. लोकसंख्या नऊ हजारांच्या पुढं. आता नेमलेल्या दंडाधिकाऱ्यांऐवजी निवडून आलेली परिषद कारभार बघणार होती. पाच वॉर्ड, प्रत्येकातून चार, असे वीस सदस्य. निवडणुकीत सुधारणावाद्यांना बहुमत मिळालं आणि परिषदेनं महापौर म्हणून मॅकेन्झींना निवडलं.

इतकी वर्षं सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या हातात पहिल्यांदाच सत्ता आली होती. आणि पहिल्याच दिवसापासून अडचणी सुरू झाल्या.

जुन्या कारभाऱ्यांनी बाजाराची मोठी इमारत बांधताना कर्ज करून ठेवलं होतं. तिजोरीत पैसा नाही. रस्त्यांची अवस्था अशी की लोक गावाला चिखलाचं यॉर्क म्हणायचे. लोकांना रस्ते हवे होते, पण कर वाढवलेला नको होता. आपल्याकडं घरपट्टी वाढली की जे होतं, तेच तिथं झालं.

मॅकेन्झींच्या परिषदेनं मालमत्तेवर पौंडामागं तीन पेन्स कर लावला. कर्ज काढून रस्त्याकडेनं लाकडी फळ्यांचे फूटपाथ घालायला सुरुवात केली. शहराचं बोधचिन्ह ठरवलं. त्यावरचे उद्योग, बुद्धी आणि सचोटी हे तीन शब्द मॅकेन्झींनी दिले असं मानलं जातं.

पण करामुळं लोक चिडले. जुलै १८३४ च्या शेवटी बाजाराच्या इमारतीत यावर जाहीर सभा भरली. गर्दीच्या भारानं सज्जा कोसळला. खाली खाटकांची दुकानं होती आणि मांस टांगायचे आकडे लावलेले होते. काही लोकांचा त्यात जीव गेला.

त्याच उन्हाळ्यात कॉलऱ्याची साथ आली. पैसेवाले शहर सोडून जायला लागले. महापौर म्हणून आरोग्य मंडळात असलेले मॅकेन्झी शहरातच थांबले आणि आजारी लोकांना स्वतः दवाखान्यात पोचवू लागले. शेवटी त्यांनाही कॉलरा झाला. त्यातून ते वाचले.

या कारभाराची दुसरी बाजूही आहे. तेव्हा महापौर हाच दंडाधिकारीही असायचा. दारूच्या नशेत गोंधळ घालणाऱ्या एका बाईला मॅकेन्झींनी भर चौकात खोड्यात अडकवायची शिक्षा दिली. गरिबांसाठी लढणाऱ्याकडून ही शिक्षा लोकांना पटली नाही. नेमणुका करतानाही त्यांनी आपल्या बाजूच्या माणसांना झुकतं माप दिलं. म्हणजे ज्या गोष्टीवर त्यांनी दहा वर्षं टीका केली, तीच काही प्रमाणात त्यांच्याही हातून झाली.

१८३५ च्या सुरुवातीला निवडणूक झाली आणि मॅकेन्झी हरले. शहरानं त्यांना एक वर्षही धड दिलं नाही.

बंडाकडं जाणारा रस्ता

विधानसभेत मात्र ते परत आले होते. १८३५ मध्ये त्यांच्या समितीनं वसाहतीतल्या तक्रारींचा जाडजूड अहवाल काढला. तो लंडनपर्यंत पोचला आणि सर फ्रान्सिस बाँड हेड हे नवे गव्हर्नर आले. लोकांना वाटलं, आता बदल होणार. पण १८३६ च्या निवडणुकीत हे गव्हर्नर स्वतःच प्रचारात उतरले. सुधारणावाद्यांना त्यांनी राजद्रोही ठरवलं. मॅकेन्झींसह त्यांचे अनेक साथीदार पडले.

४ जुलै १८३६ ला मॅकेन्झींनी नवा पेपर काढला, द कॉन्स्टिट्यूशन. तारीख मुद्दाम निवडलेली, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. १८३७ मध्ये पीक गेलं, बँका अडचणीत आल्या, शेतकरी कर्जात बुडाले. नोव्हेंबरमध्ये शेजारच्या लोअर कॅनडात, म्हणजे आजच्या क्यूबेकमध्ये, बंड पेटलं. ते मोडायला गव्हर्नरनं टोरांटोतली सगळी फौज तिकडं पाठवली.

टोरांटो उघडं पडलं. हजारो बंदुका ठेवल्या होत्या त्या सिटी हॉलमध्ये. म्हणजे ज्या इमारतीत मॅकेन्झी महापौर म्हणून बसायचे, तिथंच. त्यांना वाटलं, हीच वेळ आहे.

चार दिवसांचं बंड

शहराच्या उत्तरेला यंग स्ट्रीटवर माँटगोमेरीज टॅव्हर्न नावाची खाणावळ होती. ७ डिसेंबरला तिथं जमायचं ठरलं होतं. पण एका साथीदारानं घाबरून तारीख ४ डिसेंबरवर आणली. निरोपांचा घोळ झाला, जेवणाची सोय नाही, लोक अर्धेच आले.

पहिल्याच रात्री दोन्ही बाजूंचा एकेक माणूस मेला. बंडखोरांकडून अँथनी अँडरसन आणि सरकारच्या बाजूचे निवृत्त कर्नल रॉबर्ट मूडी.

५ डिसेंबरच्या संध्याकाळी जथा शहराकडं निघाला. हातात थोड्या बंदुका, बाकी भाले, काठ्या आणि गवत उचलायचे काटे. वाटेत शेरीफच्या छोट्या तुकडीनं गोळ्या झाडल्या. बंडखोरांच्या पुढच्या रांगेनं उलट गोळीबार केला आणि बंदुका भरायला खाली वाकली. मागच्यांना वाटलं, पुढचे सगळे मेले, आणि ते पळत सुटले. गंमत म्हणजे शेरीफची माणसंही तोवर पळाली होती. रस्ता मोकळा होता, पण त्यावर चालायला कुणी उरलं नव्हतं.

मॅकेन्झी स्वतः या दिवसांत भानावर नव्हते असंच म्हणावं लागेल. एका विरोधकाचं घर त्यांनी जाळलं. साथीदारांनाही ते आवरत नव्हते. ७ डिसेंबरला हजाराच्या आसपास सरकारी माणसं तोफा घेऊन आली. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. गव्हर्नरनं खाणावळ जाळायला लावली. मॅकेन्झी शेतकऱ्यांच्या घरांत लपत लपत नायगारा नदी ओलांडून अमेरिकेत पोचले. १००० पौंडांचं इनाम असूनही वाटेतल्या लोकांनी त्यांना धरून दिलं नाही.

मागं राहिलेल्यांचं मात्र वाईट झालं. शेकडो लोकांना अटक झाली. सॅम्युएल लाउंट आणि पीटर मॅथ्यूज या दोघांना १२ एप्रिल १८३८ ला टोरांटोत फाशी दिली. लाउंट लोहार होते आणि आमदार राहिलेले होते. त्यांच्या माफीसाठी हजारो लोकांनी सह्या केल्या, तरी उपयोग झाला नाही. मॅकेन्झींच्या नावासोबत या दोघांची नावं घ्यावीच लागतात, कारण हिशेब त्यांनी चुकता केला.

बेटावरचं सरकार आणि तुरुंगाची खिडकी

मॅकेन्झी तिथंही थांबले नाहीत. नायगारा नदीतल्या नेव्ही आयलंड बेटावर त्यांनी कॅनडाचं प्रजासत्ताक जाहीर केलं. त्यांना रसद पुरवणारी कॅरोलाइन ही अमेरिकन बोट ब्रिटिशांच्या बाजूच्या माणसांनी २९ डिसेंबरच्या रात्री अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन जाळली. त्यावरून दोन देशांत मोठा तणाव झाला. हल्ला होण्याआधीच स्वसंरक्षणासाठी हल्ला करता येतो का, या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय कायद्यात आजही कॅरोलाइनचं उदाहरण दिलं जातं.

अमेरिकेनं मात्र आपल्या भूमीवरून दुसऱ्या देशावर हल्ला केला म्हणून मॅकेन्झींवर खटला भरला. जून १८३९ मध्ये रॉचेस्टरला १८ महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात असतानाच आई मरायला टेकली. भेटीची परवानगी मिळेना, तेव्हा मित्रांनी एक युक्ती केली. एका खटल्यात साक्षीदार म्हणून त्यांना बोलावलं आणि साक्षीची जागा ठेवली त्यांचं स्वतःचं घर. अशी आईची शेवटची भेट झाली. अंत्ययात्रा मात्र त्यांनी तुरुंगाच्या खिडकीतून पाहिली.

साधारण वर्षभरानं अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांनी शिक्षा माफ केली. पण अमेरिकेबद्दलचा भ्रम तोवर संपला होता. तिथंही पक्षाच्या जोरावर नोकऱ्या वाटल्या जातात, पैशावाल्यांचं चालतं, हे त्यांनी जवळून पाहिलं. ही अमेरिका आधी कळली असती तर बंड केलं नसतं, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलं.

बंड हरलं, मग बदललं काय?

बंडानंतर लंडनहून लॉर्ड डरहॅम चौकशीला आले. १८३९ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की सरकार निवडून आलेल्या सभागृहाला जबाबदार असलं पाहिजे, आणि गावोगावी नीट स्थानिक स्वराज्य हवं. १८४८ मध्ये जबाबदार सरकार आलं. १८४९ च्या कायद्यानं आजच्या ओंटारियोत निवडून येणाऱ्या नगरपालिका आणि गावपरिषदांची घडी बसली.

हे काम पूर्ण केलं ते रॉबर्ट बाल्डविन यांच्यासारख्या मवाळ नेत्यांनी. बंडामुळं बदल लवकर आला की उलट लांबला, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण ज्या प्रश्नांवर मॅकेन्झी पंचवीस वर्षं ओरडत होते, त्यांची उत्तरं शोधणं सरकारला भाग पडलं एवढं नक्की.

१८४९ मध्ये सर्वांना माफी मिळाली. मॅकेन्झी परतले, १८५१ मध्ये जॉर्ज ब्राउन यांच्यासारख्या तगड्या उमेदवाराला हरवून पुन्हा सभागृहात गेले आणि १८५८ पर्यंत राहिले. पैशाची चणचण शेवटपर्यंत सुटली नाही. म्हणून चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांना बॉन्ड स्ट्रीटवरचं घर घेऊन दिलं. तिथंच २८ ऑगस्ट १८६१ ला त्यांचं निधन झालं.

त्यांच्या धाकट्या मुलीचा मुलगा विल्यम ल्योन मॅकेन्झी किंग. तो कॅनडाचा सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिला, एकूण एकवीस वर्षांहून जास्त. आजोबांना ज्या सरकारनं फरार घोषित केलं, त्याच्या जागी आलेल्या सरकारचा प्रमुख नातू झाला.

आणि ते बॉन्ड स्ट्रीटवरचं घर? ते म्युझियम म्हणून आज टोरांटोची महापालिकाच चालवते. ज्या पालिकेचा कारभार मॅकेन्झींनी सुरू केला, जिनं वर्षाच्या आत त्यांना घरी बसवलं आणि ज्या शहरावर ते चालून गेले, त्याच शहराच्या करातून त्यांच्या घराची डागडुजी होते. कर कुठं खर्च होतो हे विचारायचा हक्क लोकांना हवा, यासाठीच तर त्यांचं सगळं भांडण होतं.